नववीची गुणपत्रिका

आमच्या पुतण्याची मनीषा अमेरिकेतील एखाद्या कॉलेजाकडून पोहण्याची. म्हणून तेथील एनसीएए या क्रीडामंडळाची नियमावली आम्ही वाचावयास घेतली. वरच्या श्रेणीत उतरावयाचे तर शालेय १६ मुख्य अभ्यासक्रमांत चारांपैकी २.३ सरासरी हवी. आणि हिशेब नववीपासून! "नववीस कोण विचारतो?" असे म्हणून त्यास स्पर्धांसाठी शाळा बुडवू देणारे आम्हीच.

याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी किरकोळ अंगलट पाहून खाशाबा जाधवांस नाकारिले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांचा शब्द पुरला. पुढे १९५२ साली त्यांस हेलसिंकीस धाडण्याकरिता खर्डेकरांनी घरही गहाण टाकिले, कांस्यपदक आले. आमच्या शब्दास तेथे कोण पुसतो?

वहिनींनी कपाटातून गुणपत्रिका काढून मुकाट्याने आमच्यापुढे ठेविली. गणितास ३६.