ओढ्याला गट नंबर नसतो

आमच्या नगरपरिषदेसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं हा रोजचा धंदा. 2019 च्या दिवाळीनंतर शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि महिनाभर हे सगळं बाजूला पडलं. शटर वर करायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असत. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यात नकाशाचा फोटो, तो बोटांनी ताणून ताणून मोठा केलेला, आणि प्रश्न ठरलेला, "ताई, बघा बरं, आमचं पिवळ्यात आलंय का हिरव्यात?"

रहिवासी पट्टा पिवळा, शेतीचा फिकट हिरवा, बाजारपेठ निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने-कचेऱ्या लाल. हे रंग त्या महिन्यात आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ झाले. पिवळ्यात आलेल्या रानाचा भाव रातोरात चढतो, हिरव्यातलं आहे तिथंच राहतं, आणि आरक्षणाचा आकडा पडलेल्या रानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दोघांपैकी एक पेढे वाटतो आणि दुसरा वकील शोधायला लागतो.

कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. त्याची कलमं मला कुणी शिकवली नाहीत. दिवसभर टाइप करून ती बोटांत बसली. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा. आधी इरादा जाहीर करायचा, मग सध्या कुठली जमीन कशासाठी वापरात आहे त्याचा नकाशा करायचा, त्यावरून प्रारूप काढायचं आणि कलम 26 प्रमाणे लोकांकडून हरकती व सूचना मागवायच्या. आम्हाला तीस दिवस होते. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तीन नगरसेवक आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, अशी ती समिती. तिचा अहवाल, मग नगरपरिषद, मग शासनाची मंजुरी.

हरकतींचा साचाही लवकरच ठरून गेला. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की' इथून सुरुवात आणि 'अन्यथा माझे कधीही भरून न येणारे नुकसान होईल' इथे शेवट. हे शेवटचं वाक्य मी सेव्हच करून ठेवलं होतं. मधला मजकूर तेवढा ज्याचा त्याचा. एका म्हातारीच्या विहिरीवरून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, गेला होता. भाग नकाशा एकास चार हजार प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर होतो. मी पट्टी लावून बघितलं. रेघेची एक कड धरली तर विहीर रस्त्यात जात होती, दुसरी कड धरली तर वाचत होती. "रेघ जरा बारीक मारली असती तर?" म्हातारी म्हणाली. मी तेच जरा सरकारी भाषेत लिहिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं रान आहे ते तात्याही आले. त्यांच्या बावीस गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. आधीच्या आराखड्यातही होतंच. मधल्या काळात ना नगरपरिषदेने जागा ताब्यात घेतली, ना पैसे दिले, ना आरक्षण उठलं. कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग वर्ष झाली, आता दोन वर्षं आहे. पाऊल म्हणजे नुसता ठराव नव्हे, प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी हालचाल हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलं आहे. पण नोटीस द्यावी लागते हेच तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मैदान करा की," ते म्हणाले, "मी कुठं नको म्हणतोय? पण पैसे द्या. नुसता शिक्का मारून ठेवलाय. पोरीच्या लग्नाला दोन गुंठे विकता आले नाहीत." मी त्यांची हरकत मन लावून टाइप केली. आरक्षण उठवावे.

पंधरवडा गेला तसं मला एक जाणवायला लागलं. माझ्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक कागदात 'माझा' होता. माझी विहीर, माझं घर, माझा गट, माझे नुकसान. त्यात गैर काही नाही. ज्याच्या पायाखालची जमीन जाते तो ओरडणारच. पण ज्या मैदानाला तात्यांची हरकत होती त्याच मैदानासाठी एकही कागद आला नाही. आमच्या भागातली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि दर दोन मिनिटांनी टेम्पोसाठी स्टंप उचलतात. त्यांच्या आयांपैकी कुणाला आपण इथे काही म्हणू शकतो असं वाटलंच नव्हतं. आराखड्यात जे सगळ्यांचं असतं त्याच्या बाजूने उभं राहायला कुणालाच कारण सापडत नाही.

हे ओढ्यावरून मला पुरतं कळलं. डोंगरातून येणारा हा ओढा एसटी स्टँडमागून जाऊन नदीला मिळतो. जुन्या गाव नकाशावर तो दोन वळणदार रेघांनी ठळक दाखवला आहे. प्रारूपात मात्र बाजार समितीपर्यंत निळी रेघ होती आणि पुढे सगळं पिवळं. तिथे काही वर्षांपूर्वी भराव पडला होता, त्यावर पत्र्याच्या शेड उभ्या होत्या. जमीन वापराची पाहणी करणाऱ्याला शेड दिसल्या, ओढा दिसला नाही. पावसाळ्यात मात्र तो आम्हाला दिसतो. स्टँडमागच्या वस्तीत गुडघाभर पाणी येतं.

त्याच वर्षी, दिवाळीआधी, 25 सप्टेंबरच्या रात्री, पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला होता. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली, गाड्या काड्यांसारख्या वाहून गेल्या. तरी आमच्या ओढ्यावर कुणी अर्ज देईना. मी एकदोघांना सुचवलं तर ते म्हणाले, "आमची जागा नाही हो तिथं."

शेवटी मीच लिहायला बसले. अर्जाच्या नमुन्यात गट नंबरचा रकाना होता आणि बाधित क्षेत्राचा. गाव नकाशात ओढ्याला गट नंबर नसतो. दोन गटांच्या मधून तो जातो, पण त्याचा सातबारा निघत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे ओढे-नाले सरकारचे. आणि सरकार सरकारकडे हरकत घेत नाही. अर्ज घेणारा कारकून म्हणाला, "वहिनी, गट नंबर टाका, नाहीतर नोंद कशी करू?" मग मी दोन्ही काठांच्या गटांचे नंबर टाकून 'यांच्या दरम्यानचा ओढा' असं लिहिलं, भूमी अभिलेख कार्यालयातून आणलेली गाव नकाशाची नक्कल जोडली, वस्तीतल्या पाण्याचे फोटो जोडले आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घेतली.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. सभागृहात एका बाजूला टेबलांची रांग, समोर खुर्च्या, भिंतीला नकाशा. शिपाई नाव पुकारत होता, माणूस उठत होता, दोन-तीन मिनिटांत बोलून बसत होता. लोक नकाशासमोर गेले की गप्प होत. आपलं रान डोळे मिटून चालत पार करणाऱ्या माणसाला कागदावर ते सापडत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा समितीतल्या एकांनी कागद बघून विचारलं, "ताई, यात तुमची जमीन कुठली?"

"माझी नाही, साहेब. हरकत ओढ्याबद्दल आहे."

"ओढ्याच्या वतीने तुम्ही आलात?" मागे हशा पिकला.

मी म्हटलं, "कलम 28 मध्ये कोणतीही व्यक्ती लिहिलंय. बाधित व्यक्ती लिहिलेलं नाही." हे वाक्य मी इतरांच्या अर्जांत इतक्यांदा टाइप केलं होतं की तोंडून सहज निघालं.

टोकाला बसलेले एक वयस्क सदस्य इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी गाव नकाशाची नक्कल मागून घेतली, प्रारूपाच्या भाग नकाशाशेजारी ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्हींवर एक एक बोट ठेवून ओढ्याच्या वळणावळणाने खाली आणलं. बाजार समितीपाशी एक बोट थांबलं, दुसरं पुढे गेलं. मग त्यांनी मला विचारलं, "पाणी कुठपर्यंत चढतं?" मी उठून भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं. "आणि कल्व्हर्ट केवढा आहे?" तेही सांगितलं. त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. आरडाओरडा, घोषणा काही नाही. दोन नकाशे आणि दोन प्रश्न.

मग करोना आला आणि सगळं थंडावलं. पुढे समितीचा अहवाल वाचायला मिळाला. त्यात हरकतीचा क्रमांक, नाव, गोषवारा आणि शिफारस असे रकाने असतात. ओढ्यापुढे लिहिलं होतं, 'गाव नकाशाप्रमाणे ओढा दर्शविण्यात यावा.' मैदानापुढे, 'आरक्षण वगळण्यात यावे.' मैदानाबद्दल आलेल्या सगळ्या अर्जांनी ते नको म्हटलं होतं. कागद बघून समितीने दुसरं काय लिहायचं?

हेच मोठ्या शहरांतही दिसतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. 2015 मध्ये शासनाने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि मंजुरी मिळायला 2017 उजाडलं. मुंबईचा 2034 चा आराखडा 2015 मध्ये चुकांमुळे मागे घ्यावा लागला, 2016 मध्ये पुन्हा काढला गेला. गोव्यात 2011 चा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून 2007 मध्ये रद्द करायला लावला. 'नको' म्हणायची ताकद लोकांमध्ये आहे आणि ती वेळोवेळी दिसली आहे. 'हवं' म्हणणारी मोहीम मात्र क्वचित आठवते. पुण्यात 1997 मध्ये 23 गावं हद्दीत आल्यानंतर टेकड्यांवरच्या 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं आणि ते राहावं म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2015 मध्ये ते मंजूर झालं. टेकडीमालकांच्या मोबदल्याचा वाद त्यानंतरही चालूच राहिला, हेही खरं.

आमच्या आराखड्याला मंजुरी आली ती काही भाग वगळून. वगळलेल्या भागांवर शासन पुन्हा महिनाभर हरकती-सूचना मागवतं. तात्यांचं मैदान त्यात होतं. या खेपेला मी गल्लीतल्या बायांना दुकानात बोलावून एक पानी मसुदा दाखवला. विषय : खेळाच्या मैदानाचे आरक्षण कायम ठेवणेबाबत सूचना. जवळचं मैदान किती लांब आहे, रस्त्यावर वाहनं किती, शाळेत पोरं किती, एवढंच त्यात लिहिलं. सह्या झाल्या. एक जण म्हणाली, "असं पण देता येतं होय?"

दुसऱ्या दिवशी तात्या आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझा अर्ज तूच लिहिलास, माझ्याविरुद्धचाही तूच लिहिलास."

"तात्या, तुम्हाला मैदान नको होतं की फुकट द्यायचं नव्हतं?"

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं तसं मी लिहिलं. मैदान ठेवायचं असेल तर ठेवा, पण संपादनाची रक्कम अर्थसंकल्पात दाखवा आणि मुदत ठरवा. आमच्यासारख्या गावात टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, विकत घेणारा मिळत नाही, त्यामुळे मोबदला रोखीनेच द्या. आदल्या दिवशीच्या सूचनेशी हा अर्ज कुठेच भांडत नव्हता.

निर्णय लागला तेव्हा मैदान थोडं लहान होऊन राहिलं. ओढा नकाशावर नदीपर्यंत पोचला. जागेवरचा भराव अजून तसाच आहे आणि तात्यांचे पैसेही आलेले नाहीत. मंजूर आराखडा हातात असल्यामुळे आता भरावावर आणि पैशांवर बोट ठेवून विचारता येतं, इतकंच.

ज्याचं काही जाणार असतं तो न सांगता अर्ज देतो. ज्याचं थेट काही जात नाही त्याने बोलण्याची गरज म्हणूनच जास्त आहे, कारण ओढा, मैदान, दवाखान्याची जागा यांच्या वतीने दुसरं कुणी येणार नाही. त्याला फार विद्या लागत नाही. शेजारच्या गटांचे नंबर, जुन्या नकाशाची नक्कल, दोन फोटो, एक पान मजकूर, आणि मुदत संपायच्या आत घेतलेली शिक्क्याची पोच.