तारखेची जागा

डब्लिनला माझा मेहुणा असतो. बँकेच्या एल.टी.सी.त डब्लिन बसत नाही. मेहुण्याच्या खिशात बसलं, म्हणून आम्ही उभयता जाऊन आलो. पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "दाजी, चला, बिअरची जत्रा आहे." सौ.ने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी घाईघाईने "नुसतं बघायला" असं म्हणून टाकलं.

जत्रा अगदी जत्रेसारखी होती. फक्त पाळणे नव्हते. पण चौथ्या ग्लासानंतर त्यांची गरजही उरत नसावी. आपल्याकडे भट्टीवाला माणसं दिसली की पळतो, इथे तो हात करून बोलावत होता!

पहिला ग्लास 'इंडिया पेल एल'चा. ही जात एकेकाळी इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानात यायची. टिकावी म्हणून तीत हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सढळ हाताने घालत. नावात आपला देश पाहून मी अभिमानाने मोठा घोट घेतला. कारल्याचा रस बरा!

दुसरा ग्लास काळ्याकुट्ट स्टाउटचा. "हा रंग भाजलेल्या सातूचा," भट्टीवाला म्हणाला, "चांगली काळी होईपर्यंत भाजतो."

"आमच्याकडे करपलं की मला बोलणी बसतात," सौ. म्हणाली.

मग त्याने गिनेसची गोष्ट काढली. 1759 साली आर्थर गिनेसने याच शहरातली सेंट जेम्सेस गेटची जागा भाड्याने घेतली. भाडं वर्षाला 45 पौंड, मुदत 9000 वर्षं! माझ्यातला क्लार्क खडबडून जागा झाला. आमच्या शाखेत पाच वर्षांच्या कर्जाला दोन जामीन लागतात.

"तुम्ही बँकेत?" तो हसला. "मीही होतो. अकरा वर्षं. एक दिवस राजीनामा दिला."

माझा ग्लास हातातच राहिला. राजीनामा मीही लिहिलेला आहे. पंधरा वर्षांपूर्वी, विनोदी मासिक काढायच्या उमेदीत. फक्त तारखेची जागा कोरी आहे. कपाटात विम्याच्या कागदांखाली तो सुखरूप आहे.

"पस्तावा होतो का हो?" मी विचारलं.

"होतो ना. दर महिन्याला, पगाराच्या दिवशी. बाकीचे दिवस वेळच मिळत नाही."

"तुमच्या जागेचा करार किती वर्षांचा?"

"पाच. तोही संपत आलाय." असं म्हणून त्याने माझा ग्लास पुन्हा भरला. पैसे घेतले नाहीत. जुना जातभाई!

रात्री झोप येईना. निवृत्तीला तेरा वर्षं उरलीत, हा हिशेब मी तीनदा केला. तिन्ही वेळा टॅली झाला.

"जागे आहात?" अंधारातून सौ. म्हणाली. "विम्याच्या कागदांखालचं ते पत्र..."

मी श्वास रोखला. पंधरा वर्षं हिला ठाऊक होतं तर!

"तारीख घालायची तर घाला हो. पण आधी पेन्सिलीने घाला."