सातव्या भागाचा वाचक

एखाद्या गाजलेल्या कृतीचा पुढचा भाग येतो तेव्हा त्याचे वाचन कोऱ्या मनाने होत नाही. हान्स रॉबर्ट यौस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना आपण एम.ए.च्या वर्गात शिकवतो, परंतु तिची उदाहरणे बहुधा कादंबरीतूनच देतो. ‘बिढार’ वाचताना विद्यार्थी ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर शोधत राहतात आणि चांगदेव त्यांना फार उशिरा भेटतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. हीच प्रक्रिया मला एका व्हिडिओ गेमच्या स्वागतात अधिक उघडपणे दिसली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सिड मायर यांच्या नावाशी जोडलेली ‘सिव्हिलायझेशन’ ही खेळमालिका १९९१ मध्ये सुरू झाली. विद्यार्थिदशेत वसतिगृहातल्या मित्राच्या संगणकावर मी तिचा तिसरा भाग खेळलो. एक संस्कृती निवडायची, पहिले नगर वसवायचे आणि अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंत तिला घेऊन जायचे, एवढेच त्याचे कथासूत्र. काळाच्या कसोटीला उतरेल असे साम्राज्य उभारा, हे या मालिकेचे पहिल्यापासूनचे आवाहन. रात्री दोन वाजता ‘आणखी एकच डाव’ म्हणणाऱ्याला जागे ठेवीत असे ते हेच वचन.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या मालिकेचा सातवा भाग आला आणि त्याने नेमके हे वचनच मोडले. खेळ प्राचीन, अन्वेषण आणि आधुनिक अशा तीन युगांत विभागला गेला. युग पालटले की संस्कृतीही पालटते. नेता तोच राहतो, लोक मात्र नवे. चालू युद्धे थांबतात, आणि एरवी राजधानी वगळता बाकीची नगरे पुन्हा गावाच्या पायरीवर येतात. इतिहास थरांवर थर रचत घडतो, हे यामागचे निर्मात्यांचे सूत्र.

व्यावसायिक परीक्षकांनी एकंदरीत अनुकूल मत दिले. त्यांच्या गुणांची सरासरी शंभरात ऐंशीच्या आसपास राहिली. मात्र ‘स्टीम’ या विक्रीमंचावर, जिथे खेळणाऱ्याचे मत आणि त्याने खेळलेले तास शेजारीशेजारी दिसतात, तिथे पहिल्या दिवसांत जवळजवळ निम्म्या प्रतिक्रिया प्रतिकूल होत्या. पडद्यावरची माहिती अपुरी व गैरसोयीची आहे, ही तक्रार दोन्हीकडे होती. खरा मतभेद संस्कृतिबदलाविषयीचा होता.

जुने वाचक नव्या कृतीवर नेहमीच रुसतात, असे म्हणून हा वाद निकालात काढणे सोपे आहे. २०१० च्या पाचव्या भागातही एका घरात एकच सैन्यतुकडी हा नियम आला, धर्म आणि हेरगिरी गळाली, आणि तेव्हाही ओरड झालीच होती. पुढे २०१२ च्या पुरवणी भागात या दोन्ही गोष्टी परतल्या आणि तो खेळ लोकांचा लाडका झाला. परंतु तिथे बदलले होते ते व्याकरण. इथे कथेचा नायकच दर युगाअखेर बदलतो. परीक्षकाने एका कल्पनेचे धाडस मोजले. खेळणाऱ्याने आपण वसवलेल्या पहिल्या नगराच्या नावाचे काय झाले, हे विचारले. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक वाङ्मयीन आहे, कारण तो संहितेने वाचकाशी केलेल्या कराराविषयी आहे.

थरांची कल्पना मुळात मला खोटी वाटत नाही. एकाच भूमीवर राजवटी, भाषा, दैवते बदलत जातात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या गावी दिसते. अडचण आहे ती थर कशावर रचले यात. या खेळाने भारतासाठी आखलेली वाट पाहावी : मौर्य, मग चोळ, मग मुघल. नेता म्हणून अशोक उपलब्ध आहे. या अशोकाच्याच शिलालेखांत चोळांचा उल्लेख सीमेपलीकडचे शेजारी म्हणून येतो. ते मौर्यांचा पुढचा थर नव्हेत, त्यांचे समकालीन होते. मुघलांना आधुनिक युगात बसवले आहे. पण खेळातले हे युग ज्या अठराव्या शतकात सुरू होते, त्याच शतकात दिल्लीचा बादशहा महादजी शिंद्यांच्या आश्रयाने राहत होता. पाटलीपुत्र, तंजावर, आग्रा हे एकाच उत्खननात सापडणारे थर नाहीत. नकाशावर दूरदूर असलेली तीन स्थळे ‘भारत’ या आजच्या नावाच्या दोऱ्यात ओवली आहेत.

मी वाचलेल्या परीक्षणांत या जोडकामाची चिकित्सा जवळजवळ नव्हती. मग सामान्य खेळणाऱ्याला जे ‘कृत्रिम’ वाटले, ते का वाटले याचे उत्तर कोण देणार? संक्रमण हा इतिहासातला सर्वांत नाट्यमय क्षण. जुने लोक नव्या नावाखाली कसे जगतात, काय लपवून ठेवतात, कोणते शब्द टिकवतात, हे तिथे दिसायला हवे. इथे ते सरकारी आदेशाने गावाचे नाव बदलावे तसे एका रात्रीत होते. थर दाखवायचे, तर खालच्या थराची ओल वर यायला हवी.

निर्मात्यांनीही पुढे माघार घेतली. विजयानंतर खेळत राहण्याची सोय सुरुवातीला नव्हती, ती २०२५ मध्येच दिली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता येईल अशा पर्यायाची चाचणी सुरू असल्याचे जाहीर झाले. वाचकांच्या आग्रहाखातर लेखकाने प्रकरण पुन्हा लिहावे, असा हा प्रकार. छापील साहित्यात तो दुर्मीळ, इथे नित्याचा.

मला याचा आनंद पूर्णपणे होत नाही. क्षितिज ओलांडू पाहणारी कृती वाचकाच्या पहिल्या नाराजीने मागे फिरली, तर ती कल्पना अधिक चांगली लिहिण्याची संधीही जाते. चोळांच्या जागी कोण हवे होते, मौर्यांच्या हाताखालून दख्खनमध्ये उभे राहिलेले सातवाहन चालले असते का, असे प्रश्न मग कुणी विचारत नाही. समीक्षेचे काम तिथेच होते, आवड आणि नावड यांच्या मधल्या जागेत. जाणकारांनी यावर अधिक लिहावे.