पडवीतली अबोल माणसं

ती. आजीस,


हे पत्र काकू तुला वाचून दाखवेल. तिच्यासमोर हा विषय काढू का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "काढ एकदाचा." म्हणून काही न झाकता लिहिते. काकू, तूही नीट ऐक, आणि अवघड शब्द आला तर गाळू नकोस.

आजी, दिवेलागणीला पडवीत तुला जी माणसं दिसतात ती भुतं नव्हेत. कुणी काही केलेलं नाही, कुठला मूळपुरुष रागावलेला नाही. गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, देवाला नारळ कधी जड होत नाही. पण त्यापायी डॉक्टरांना सांगायचं राहू नये. आणि तुला वेड लागलेलं नाही. वीतभर उंचीची, लाल फेट्यांची, काठपदराच्या लुगड्यांतली ही माणसं एक अक्षर बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे तुझं तुलाच कळतं. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

जिनिव्हाला शार्ल लुलँ नावाचे एक निवृत्त न्यायाधीश होते. १७५३ साली त्यांच्या दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झाली, पण नजर पुढे पुन्हा मंदावत गेली. १७५८ साली, नव्वदीला टेकलेले असताना, त्यांना हवेत तरंगणारा निळा रुमाल दिसला, कोपऱ्या-कोपऱ्यात पिवळी टिकली असलेला. डोळे फिरवले की रुमालही सरके. मग माणसं दिसू लागली, पक्षी, गाड्या, इमारती. म्हातारा डगमगला नाही. करमणूक म्हणून बघत बसे. त्याचं नशीब असं की नातू शार्ल बॉने हा निसर्गाचा अभ्यासक होता. आपल्या पावट्यावर पडतो ना मावा, त्याची मादी नराशिवाय पिल्लं घालते हे त्याने विशीतच दाखवलं होतं. आजोबांना जे दिसे ते त्याने भ्रमिष्टपणा म्हणून उडवून लावलं नाही. १७६० सालच्या आपल्या पुस्तकात त्याने ते नोंदवलं. पुढे त्याचीही नजर अधू झाली आणि त्यालाही असंच दिसू लागलं. आज या प्रकाराला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. आजोबांचं दुखणं आणि नाव नातवाचं, हे मला थोडं अन्यायाचंच वाटतं.

असं का होतं ते सांगते. डोळा बघतो असं आपण म्हणतो, पण डोळा फक्त खबर पाठवतो. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या बारा कोटींच्या वर पेशी आहेत, आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू आहेत जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे पडदाच बरंचसं गाळतो. कडा कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हललं, एवढं पुढे धाडतो. वाटेत दोन्ही डोळ्यांचे निम्मे निम्मे तंतू बाजू बदलतात, मेंदूच्या मधोमध एक टप्पा घेतात आणि थेट डोक्याच्या मागच्या भागात पोचतात. तू अंबाडा बांधतेस ना, साधारण त्याच्या आत. तिथून पुढे कामं वाटलेली आहेत. रंगाचा भाग वेगळा, हालचालीचा वेगळा, आणि चेहरे ओळखण्यासाठी मेंदूच्या खालच्या अंगाला स्वतंत्र जागा.

मला याहून नवल वाटतं ते उलट्या वाहतुकीचं. त्या मधल्या टप्प्यावर डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या थोड्या आणि मेंदूकडून परत येणाऱ्या कितीतरी जास्त. मेंदू खबरीची वाट बघत बसत नाही. समोर काय असेल याचा अदमास तो आधीच बांधतो आणि डोळ्याची खबर आली की ताडून बघतो. नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी उजेड टिपणारी एकही पेशी नाही, तरी जन्मभरात तुला जगाला पडलेलं भोक कधी दिसलं का? आसपासचं बघून मेंदू ते बुजवून टाकतो.

आता तुझ्या पडद्याचा मधला भाग, पीतबिंदू, झिजला आहे. तिथून खबर येत नाही, पण मागच्या पेशी मेलेल्या नाहीत. आपल्या आजोबांच्या रेडिओवर स्टेशन नीट लागेना की ते आवाज वाढवत जायचे आणि खरखरच मोठी व्हायची. त्या पेशींचंही तसंच होतं: येणारं कमी झालं की त्या अधिक हळव्या होतात आणि आपल्या आपण पेटतात. चेहऱ्याचा भाग पेटला की चेहरे, रंगाचा पेटला की लाल फेटे. तुझे कान शाबूत आहेत, त्यांची खबर वेळेवर पोचते, म्हणून ही माणसं मुकी. ऐकू येईनासं झालेल्या काहींना घरात कुणी गात नसताना गाणी ऐकू येतात, आणि पाय कापलेल्यांना नसलेल्या पायाची बोटं दुखतात.

हे नुसते तर्क नाहीत. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी अशा लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून, काही दिसलं की खूण करायला सांगितलं. रंगीत दिसणाऱ्यांचा रंगाचाच भाग जागा झालेला आढळला. ज्या एकाला सगळं काळंपांढरं दिसे, त्याच्या मेंदूत हालचाल त्या भागाबाहेर होती. २००४ मध्ये बोस्टनला धडधाकट नजरेच्या १३ जणांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधली, तर त्यांतल्या १० जणांना नसलेलं दिसू लागलं. तेव्हा तुझी गणना शहाण्यांतच आहे.

दिवेलागणीलाच का, तेही उघड आहे. उजेड कमी, तू एकटी, स्वस्थ बसलेली. म्हणून पडवीतला तो मिणमिणता दिवा आधी बदला. माणसं आली की उठून उभी राहा, डोळे भराभर मिटून उघड, किंवा मान न हलवता नजर डावी-उजवीकडे फिरव. बऱ्याच जणांना याने फरक पडतो. काहींचं हे काळाने कमी होतं, अनेकांचं वर्षानुवर्षं रेंगाळतं. पण माणसं बोलू लागली, ती खरीच आहेत असं वाटू लागलं, हात थरथरू लागले, किंवा एकाएकी वेळकाळाचा घोळ होऊ लागला, तर ते वेगळं काही असू शकतं: लघवीचा संसर्ग, एखादं नवं औषध, मेंदूचा दुसरा आजार. काकू, मग थांबू नकोस, त्याच दिवशी दाखव.

पडद्याच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे आपणहून सांगा. ते बहुधा विचारणार नाहीत, आणि म्हातारी माणसं घरचे काय म्हणतील म्हणून गप्प राहतात. लुलँनी आपल्याला काय काय दिसलं ते सांगून लिहवून ठेवलं होतं, म्हणून आज आपल्याला कळतंय. तूही काकूला एक वही करायला सांग. तारीख, वेळ, उजेड किती होता, कोण दिसलं, किती वेळ थांबलं. आणि डॉक्टरांना त्याचा काही उपयोग नसला तरी मला सांग, लुगड्यांचे काठ कसले असतात?

तुझी,
मोठी नात