पुढील कथा पडद्यावर

आमच्याकडे पाहुणे आले की एक प्रसंग हटकून घडतो. चहा होतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात, आणि मग पाहुण्यांची नजर भिंतीजवळच्या कपाटाकडे वळते. "एवढ्या फायली कसल्या हो?" असे ते विचारतात. मी उत्साहाने उठतो आणि एक फाईल काढून त्यांच्या मांडीवर ठेवतो. पाहुणे दोन-चार पाने उलटतात आणि मग आजाऱ्याची चौकशी करावी तशा स्वरात विचारतात, "पण या सगळ्याचं तुम्ही करणार काय?"

टपालाची तिकिटे जमवणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जुनी नाणी जमवणारा तर इतिहाससंशोधकच ठरतो. मी जमवतो त्या जुन्या बोलपटांच्या गाण्यांच्या चोपड्या, आणि हे ऐकले की माणसे एकदम गप्प होतात. आमच्या घरातून विरोध होता, तोही आता मावळला आहे. "पैसे कागदात घालतात, पण संध्याकाळी घरी असतात," असे हिने शेजारीणबाईंना सांगितलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे.

ज्यांनी ही चोपडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आठ-बारा, फार तर सोळा पाने. चित्रपटगृहाच्या दारात ती आण्या-दोन आण्यांना मिळे. मुखपृष्ठावर नायक-नायिका, पण पुष्कळदा अशा रंगवलेल्या की त्यांच्या घरच्यांनाही ओळख पटू नये. आत भूमिका करणाऱ्यांची नावे, गीतकार, संगीतकार, मग सारी गाणी. हिंदी बोलपट असला तर तीच गाणी उर्दू आणि गुजराती लिपींतही. आणि यांखेरीज कथासार. या कथासाराचा शिरस्ता मोठा गमतीचा असे. गोष्ट रंगात येते, नायिका संकटात सापडते, आणि ऐन वेळी लेखक हात झटकून मोकळा होतो : पुढील कथा पडद्यावर पाहा!

या चोपड्यांशी माझी ओळख चित्रपटगृहात झाली नाही. वाईच्या आमच्या वाड्याच्या माजघरात झाली. तेथे माझ्या आत्याची एक पत्र्याची पेटी होती.

आत्याला पंधराव्या वर्षी एका बिजवराला दिली होती. सतराव्या वर्षी ती माहेरी परत आली, ती कायमची. आजोबांच्या घरात बोलपटाचे नाव काढायची सोय नव्हती. मग विधवा मुलीने तो पाहणे दूरच. भाऊबीजेला तिने भावाला ओवाळायचेही नाही, असा आजोबांचा दंडक होता. माझे वडील तेव्हा पुण्यात नोकरीला होते. दिवाळीत घरी येताना ते धोतराच्या घडीत लपवून एक चोपडी आणीत, आणि भाऊबीजेच्या दुपारी, सारे निजले म्हणजे, ती हळूच आत्याच्या हाती देत. ओवाळणे नव्हते; ओवाळणी मात्र चुकत नसे.

मला कळू लागले तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, आत्याची चाळिशी उलटली होती आणि पेटीत वीस-पंचवीस चोपड्या साठल्या होत्या. दुपारी ती पेटी उघडी आणि मला गाणी म्हणून दाखवी. चाल ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिने प्रत्येक गाण्याला आपल्याजवळची चाल दिली होती. एखादे जात्यावरच्या ओवीसारखे म्हणे, एखादे आरतीसारखे. विसरू नये म्हणून गाण्याच्या शेजारी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवी : 'ओवी', 'आरती', 'भूपाळी'. 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ सालचा. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेले एक पद आहे, आणि पुष्कळांना ते तुकोबांचाच अभंग वाटत आले आहे. आत्या ते भूपाळीच्या चालीवर म्हणे. आमच्याकडे रेडिओ आला आणि एका सकाळी विष्णुपंत पागनिसांच्या आवाजात तेच पद लागले. आत्याने हातातली भाजी खाली ठेवली. शेवटपर्यंत ऐकले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवाज गोड आहे रे, पण चाल चुकतेय त्यांची."

गाण्यांप्रमाणे कथांचेही. जिथे चोपडी थांबे तिथून आत्या सुरू होई. तिचे शेवट साधे असत, पण ते सांगताना ती कधी अडखळत नसे. मला आठवतो तो 'कुंकू'चा शेवट. हा प्रभातचा बोलपट १९३७ सालचा. मामाने फसवून एका वयस्क वकिलाशी, काकासाहेबांशी, लग्न लावून दिलेली नीरा, आणि ते लग्न मानायला तिने दिलेला ठाम नकार, अशी ती कथा. शांता आपटे नीरा झाल्या होत्या, केशवराव दाते काकासाहेब. आत्याच्या प्रतीची टाचणी गंजून तुटली होती आणि कथेचे शेवटचे पान केव्हाच गळून गेले होते. आत्या सांगे, "मग काकासाहेबांनी तिला शाळेत घातली. ती शिकून मास्तरीण झाली. दर दिवाळीला त्यांना भेटायला येते, फराळाचं घेऊन."

"पण मग म्हातारा मरत नाही?" मी विचारले. गोष्टीतल्या म्हाताऱ्याने शेवटी मरावे, अशी माझी त्या वयात समजूत होती.

"कशाला मरायला हवं?" आत्या म्हणाली. "तो मेला म्हणून तिचं काय सुटणार आहे?"

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो. १९६९ साली तेथे मला 'कुंकू' पाहायला मिळाला. काकासाहेबांना आपला अपराध उमगतो आणि नीरेला मोकळे करण्यासाठी ते स्वतःचे जीवन संपवतात, असा तो शेवट आहे. त्या काळात असा विषय पडद्यावर आणणे हे धाडसाचे काम होते आणि चित्रपट आजही थोर वाटतो. पण मी थिएटरबाहेर आलो तो आत्याचे वाक्य घेऊनच. त्या शनिवारी मुद्दाम वाईला गेलो आणि पायही न धुता तिला म्हणालो, "आत्या, 'कुंकू' पाहिला! शेवट सांगू?"

तिने हात वर केला. "नको सांगूस," ती म्हणाली. "माझी नीरा मला ठाऊक आहे."

"मग एकदा चल माझ्याबरोबर. आता तुला कोण अडवतंय?"

"माझे सगळे पाहून झालेत," असे म्हणून ती माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

१९७२ साली आत्या गेली. चार वर्षांनी वाडा विकला. सामानाची आवराआवर माझ्याकडे होती, आणि घाई होती. पत्र्याची पेटी चांगली मजबूत होती. ती मी ठेवली. आतले कागद रद्दीवाल्याला दिले. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या हातांनी. त्याने ते इतर रद्दीबरोबर ताजव्यात टाकले. किती पैसे आले ते आठवत नाही, पण त्या पैशांत पेटीला नवे कुलूप घेतले, हे मात्र आठवते. त्या पेटीत आम्ही पुढे बरीच वर्षे गहू ठेवीत होतो.

दहाएक वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, पितळी अडकित्ते आणि फुटक्या घड्याळांच्या मध्ये मला 'कुंकू'ची चोपडी दिसली. मी उकिडवा बसलो आणि सारी पाने उलटली. समासात पेन्सिलीची खूण नव्हती. तरी पाच रुपये देऊन ती घेतली. माझा छंद सुरू झाला तो असा, आणि खरे पाहता तो छंद नव्हताच. मी हरवलेली वस्तू शोधायला निघालो होतो.

पण शोधता शोधता ज्ञान वाढते. १९३१ सालचा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज कुठेही पाहायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. आपल्याकडे मूकपट तेराशेच्या आसपास निघाले, त्यांतले मूठभरच शिल्लक आहेत. त्या काळच्या नायट्रेट फिल्मला आग चटकन लागे, आणि तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही कित्येक चित्रपट नाहीसे केले गेले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर झटून मिळेल ते वाचवले. तरी २००३ साली पुण्यातच जुन्या फिल्मांच्या साठ्याला आग लागून पुष्कळ ठेवा जळाला. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश दशकवार सिद्ध केला, त्यालाही अशा चोपड्यांचा मोठा आधार झाला. चित्रपट जातो आणि दोन आण्यांची चोपडी उरते. मी रद्दीत काय घातले होते, हे मला असे हप्त्याहप्त्याने कळत गेले.

या बाजाराचेही एक शास्त्र आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली नक्कल मिळते. ती ओळखायची तर पान उलटून बोट फिरवावे. खिळ्यांच्या छपाईचा दाब पाठीमागे हाताला लागतो, नकलेची पाठ गुळगुळीत असते. गंजकी टाचणी आधी काढून सुती दोरा घालावा, नाहीतर ती कागद खाते. आणि पहिला नियम असा की प्रत स्वच्छ हवी. कोणी नाव लिहिलेले, खुणा केलेल्या प्रतीची किंमत निम्म्याने उतरते. माझी चाल नेमकी उलटी. मी खुणांचीच प्रत मागतो, म्हणून दुकानदार मला जरा भोळसट समजतात.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात एका दुकानदाराने मला 'संत तुकाराम'ची चोपडी दाखवली. मुखपृष्ठ फाटके होते, पण आतली पाने जरा जास्तच उजळ दिसत होती.

"साहेब, कुणीतरी पेन्सिलीनं घाण केली होती," तो अभिमानाने म्हणाला. "तुमच्यासाठी खोडरबर घेऊन सगळी साफ केली. तासभर बसलो होतो."

बिचाऱ्याने खरोखरच कष्ट घेतले होते. मी त्याचे आभार मानले, सांगेल ते पैसे दिले आणि ट्राममधून उतरलेल्या वेंधळ्यासारखा रस्ता चुकत चुकत स्टेशन गाठले. घरी येऊन चोपडी खिडकीपाशी तिरपी धरली. त्या पदाच्या शेजारी कागदावर पेन्सिलीचा दाब उमटलेला आहे. शेवटी वेलांटी आहे, हे नक्की. मागे 'ळ' असावा. पण मराठीत 'ळी'ने संपणारे शब्द पुष्कळ आहेत. चोपड्याही त्या काळी हजारोंनी खपत. मी भिंग लावून पाहिले, सकाळच्या उन्हात पाहिले, दिव्याखाली पाहिले. ते अक्षर आत्याचे आहे, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

ही चोपडी मी फायलीत लावलेली नाही. ती पत्र्याच्या पेटीत आहे. गहू आता डब्यात असतात. दर भाऊबीजेच्या दुपारी मी ती बाहेर काढतो आणि ते पद म्हणतो. गेल्या वर्षी मी असाच म्हणत बसलो होतो, तो स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, चाल चुकतेय तुमची."

मी थांबलो नाही. भूपाळीतच पुढले कडवे घेतले.