मोगलीचा आवाज, बॅम्बीचं रान

१० मे
सुट्टीला भाची आली आहे. दुपारी तिच्यासोबत डिस्नेचा १९६७चा ‘द जंगल बुक’ पाहिला. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने ही गोष्ट सिवनीच्या रानात घडवली. तिथली वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. पडद्यावर मात्र माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान येतो. तो सुमात्रा-बोर्निओचा प्राणी, आणि किपलिंगच्या माकडांना मुळात राजाच नाही. मोगलीचा आवाज दिग्दर्शक वुल्फगँग रायथरमन यांच्या मुलाचा, अगदी अमेरिकन. “मावशी, हा इथला ना? मग असा का बोलतो?” भाचीने विचारलं. प्रश्न बिनतोड आहे.

१२ मे
‘डम्बो’, १९४१. भर पावसात, रात्री सर्कशीचा तंबू उभारणारे मजूर सगळे काळे, आणि त्यांना नाक-डोळेच काढलेले नाहीत. गाण्यात ते स्वतःलाच अडाणी आणि उधळे म्हणवून घेतात. पुढे कावळे येतात. निर्मितीच्या कागदांवर त्यांच्या म्होरक्याचं नाव जिम क्रो. अमेरिकेतले वर्णभेदाचे कायदे याच नावाने ओळखले जात. या म्होरक्याला आवाज दिला क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाने. तरी डम्बोच्या दुःखाने हेलावतात आणि त्याला उडायला शिकवतात ते हेच कावळे. म्हणून हा चित्रपट टाकून देववत नाही, आणि तंबूचा प्रसंग नजरेआड करणंही बरोबर वाटत नाही. भाचीला मजुरांचे चेहरे शोधायला सांगितलं. एकही सापडला नाही, तेव्हा ती गप्प झाली.

१४ मे
आज ‘बॅम्बी’, १९४२. पान न् पान रेखाटण्याऐवजी मोजक्या फटकाऱ्यांत धुकं आणि उजेड पकडणारं हे रान टायरस वाँग यांच्या दृष्टीतून आलं. त्यांचा जन्म चीनमधला. चिनी लोकांना अमेरिकेची दारं बंद करणारा कायदा असताना ते लहानपणी वडिलांबरोबर तिथे पोचले, आणि एंजल आयलंडवरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात त्यांना एकटं अडकवून ठेवलं गेलं. डिस्नेच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या १९४१च्या संपानंतर स्टुडिओने त्यांना काढलं. श्रेयनामावलीत ते पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांपैकी फक्त एक. डिस्नेने त्यांचा मोठा सन्मान केला तो २००१ साली. २०१६ मध्ये, १०६व्या वर्षी ते गेले.

१५ मे
डिस्नेतले पहिले कृष्णवर्णीय ॲनिमेटर मानले जाणारे फ्लॉइड नॉर्मन १९५६ साली रुजू झाले. ‘द जंगल बुक’वरही त्यांनी काम केलं. डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, टियाना, पडद्यावर यायला मात्र २००९ उजाडलं. कुंचला हातात येणं आणि गोष्ट ठरवण्याचा अधिकार मिळणं यांत एवढं अंतर होतं. २०२० मध्ये डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर अशा जुन्या चित्रपटांआधी इशारा दिसू लागला. तो हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. हे चित्रपट मुलांना जरूर दाखवा, शेजारी बसून दाखवा. कोणाला चेहरा दिला नाही ते विचारा, आणि ‘बॅम्बी’ लावाल तेव्हा टायरस वाँग हे नाव आवर्जून सांगा.