खर्जाच्या तारेपायी

चि. ओंकार,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. आठ तारांची गिटार बघायला गेलास आणि दुकानदाराने ‘त्याला गिऱ्हाईक नाही’ म्हणून वाटेला लावलं. त्याचं तरी काय चुकलं? वर्षभर भिंतीला टांगून राहणाऱ्या गिटारीत त्याचेच पैसे अडकतात. पण तेवढ्यावरून तू हिरमुसू नकोस. सात तारांच्या गिटारीचंही असंच झालं होतं.

जाझ वाजवणारा जॉर्ज व्हॅन एप्स १९३०च्या दशकाअखेर एपिफोनकडून सात तारांची गिटार बनवून घेऊन वाजवत होता. पुढे कितीतरी वर्षं ती मोजक्या हातांतच राहिली. १९९० साली आयबानेझ कंपनीने स्टीव्ह वायसाठी सात तारांची ‘युनिव्हर्स’ काढली. एवढा मोठा वादक पाठीशी, तरी पहिला भर ओसरल्यावर खप रोडावला. मग १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘कॉर्न’ या बँडचा पहिला अल्बम आला. त्यांनी तीच गिटार आणखी खाली उतरवून असा जडशीळ आवाज काढला, की तो ऐकून पोरं सात तारा मागू लागली. आधी कानाला भूक लागली रे, गिऱ्हाईक मागून आलं.

काल रात्री तुझ्या जुन्या गिटारीची जाडी ई तार मी उतरवत उतरवत आठव्या तारेच्या खालच्या एफ शार्पवर नेली. ८२ हर्ट्झवरून ४६वर. तार पार लोंबली. फ्रेटवर खडखडायला लागली, आणि बोट जरा जोरात दाबलं की सूर वर सरकायचा. खर्ज हवा तर तार जाड हवी आणि लांबही. म्हणून तर २००७च्या आठतारी आरजी २२२८ला आयबानेझने नटपासून ब्रिजपर्यंत नेहमीच्या साडेपंचवीसऐवजी सत्तावीस इंच दिले.

आणि स्वीडनचे ‘मेशुगा’ बँडवाले! २००२च्या ‘नथिंग’साठी त्यांनी आठतारी गिटारी बनवायला दिल्या, त्या वेळेत धड झाल्या नाहीत. ते थांबले नाहीत. सात तारांच्याच गिटारी उतरवून अल्बम केला आणि २००६ साली त्यातले गिटारीचे भाग आठ तारांवर पुन्हा वाजवले.

तूही थांबू नकोस. ७४ गेजची तार मागवली आहे, नटची खाच कानशीने मोठी करून ठेवतो. रविवारी ये, आणि ती अर्धवट राहिलेली चाल घेऊन ये.

तुझा,
मामा